घरफोडीत गेलेला टीव्ही, लॅपटॉप आणि विम्याचा दावा

प्रश्न: कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. दिवाळीत पाच दिवस साताऱ्याला गेलो होतो. परत आलो तर दाराचा कडी-कोयंडा उचकटलेला. ५५ इंची टीव्ही, साउंडबार, कॅमेरा, टॅब, बायकोचा लॅपटॉप आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप गेला. पोलिसांत फिर्याद दिली आहे. गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा काढायला लावला होता. अर्ध्या वस्तूंच्या पावत्या सापडत नाहीत. नव्या वस्तूंचे पैसे मिळतील का? आणि तोवर थांबायचं, की आत्ताच खरेदी करायची?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा शब्द 'उचकटलेला' हा आहे. टीव्ही किती इंची होता, पावती आहे की नाही, हे त्यानंतर येतं. घरफोडीचा दावा टिकणार की पडणार हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरतं, फिर्यादीत आणि पंचनाम्यात काय लिहिलं गेलं त्यावर. रकमेचा हिशोब चुकला तर तो भांडून दुरुस्त करता येतो. पंचनाम्यात राहून गेलेली गोष्ट तीन महिन्यांनी घुसवायला गेलात तर ती बनाव वाटते.

पण फिर्यादीची प्रत हातात घेण्याआधी पॉलिसी काढा. बँकेने दिलेलं एक पानी प्रमाणपत्र पुरत नाही, अटींसकट पूर्ण पॉलिसी हवी. नसेल तर पॉलिसी क्रमांक देऊन कंपनीकडून ईमेलवर मागवा. गृहकर्जासोबतचा विमा बऱ्याचदा फक्त इमारतीचा असतो, आत ठेवलेल्या सामानाचा नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते, आणि तिच्याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. इमारतीचा विमा घेतला की सामानही आपोआप धरलं जातं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. हे वाचून लोकांना वाटतं, चोरीही आलीच. तसं नाही. आग, पूर, भूकंप अशी विम्यातली एखादी आपत्ती घडली आणि तिच्यामुळे, सात दिवसांच्या आत, चोरी झाली तरच ती मूळ पॉलिसी चोरीचे पैसे देते. बंद घर फोडून नेलेला टीव्ही त्यात बसत नाही. त्यासाठी घरफोडीचं जोड-संरक्षण घेतलेलं असावं लागतं, किंवा 'हाउसहोल्डर्स पॅकेज' प्रकारची पॉलिसी असावी लागते, जिच्यात आग, घरफोडी, दागिने, घरगुती उपकरणांचा बिघाड असे वेगवेगळे विभाग असतात आणि प्रत्येकाची विमा रक्कम वेगळी असते. शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीतल्या विमा रकमांच्या तक्त्यात, 'बर्गलरी' किंवा 'हाउसब्रेकिंग' (घरफोडी) असा शब्द आणि त्यासमोर रक्कम दिसते का ते पाहा. उपकरणांच्या बिघाडाचा विभाग चोरीला लागू होत नाही. टीव्हीचं नाव तिथे दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

शेड्यूल पाहतानाच आणखी चार गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा. पहिली, घर सलग किती दिवस बंद असलेलं चालतं. ३० दिवसांची अट नेहमीची आहे, काही पॉलिसींत ती याहून कडक असते. तुमचे पाच दिवस अडचणीत येऊ नयेत, पण मुलाकडे परदेशी तीन महिने जाणाऱ्यांनी हे निघण्याआधी वाचायला हवं. दुसरी, मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांसारख्या हातातून नेता येणाऱ्या वस्तू सामानात धरल्या आहेत, की त्यांची वेगळी नोंद लागते. तिसरी, नुकसानभरपाई बाजारभावाने आहे की नव्या वस्तूच्या किमतीने. चौथी, एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कम.

आता फिर्याद.

विम्याच्या भाषेत घरफोडी म्हणजे बळजबरीने, काहीतरी मोडून-तोडून घरात शिरून किंवा तसं बाहेर पडून केलेली चोरी. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पॉलिसीत बळजबरीच्या प्रवेशाची अट असेल तर ती पूर्ण व्हावीच लागते; फौजदारी कायद्यात चोरी सिद्ध होणं तेवढ्याला पुरत नाही. उघड्या दारातून कोणी लॅपटॉप उचलून नेला, घरकामाच्या माणसाने नेला, किंवा बनावट चावीने दार उघडलं, तर तोही गुन्हाच. पण पॉलिसीत साध्या चोरीचं किंवा नोकरांच्या अप्रामाणिकपणाचं वेगळं संरक्षण नसेल तर कंपनी नकार देते आणि तो नकार बहुधा टिकतो.

म्हणून फिर्यादीची प्रत पुन्हा एकदा वाचा. 'अज्ञात चोरट्याने घरात प्रवेश करून चोरी केली' एवढंच असेल तर ते अपुरं आहे. 'बंद फ्लॅटच्या मुख्य दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून, कुलूप तोडून आत प्रवेश केला' असं असायला हवं. खिडकीतून शिरले असतील तर गज कापला की वाकवला, काच फोडली की सरकती काच चौकटीतून काढली, हेही. पंचनाम्यात मोडलेला भाग, दारावरचे ओरखडे, चौकटीचं निघालेलं लाकूड, कुलूप जप्त केलं असेल तर तशी नोंद, हे आलं आहे का ते पाहा. कलमंही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ आणि घरफोडीला कलम ३३१ लागतं. ३३१ नसून फक्त चोरीचं कलम लावलं असेल तर कंपनीचा माणूस पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

काही राहिलं असेल तर पुरवणी जबाब द्या. फिर्याद घाबरलेल्या मनःस्थितीत रात्री दोन वाजता दिलेली असते, तिच्यात सगळ्या वस्तू आठवणं शक्यच नसतं, आणि पोलिसांनाही हे माहीत असतं. तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या: 'फिर्याद देतेवेळी पूर्ण पाहणी झाली नव्हती, त्यानंतर पुढील वस्तूही चोरीस गेल्याचे आढळले.' खाली यादी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. हे जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. आठवड्याभरात दिलेली पुरवणी कोणी संशयाने पाहत नाही, दोन महिन्यांनी दिलेली पाहतात.

यादीत 'एक लॅपटॉप, काळा' असं लिहू नका. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीचं साल, खरेदीची किंमत लिहा. चार्जर, रिमोट, कॅमेऱ्याची लेन्स, जादा बॅटरी, मेमरी कार्ड, टीव्हीचा भिंतीवरचा स्टँड याही वस्तू आहेत आणि त्यांची बेरीज सहज दहा-बारा हजारांवर जाते. इथे पोलिसी कागदपत्रांची एक जुनी सवय अडचणीची ठरते. फिर्यादीत 'एक टीव्ही, जु. वा. किं. अं. १०,००० रु.' असं लिहिलं जातं, म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. ही किंमत कोणीही मोजून काढलेली नसते. पण पुढे तीच विमा कंपनीच्या फाइलमध्ये 'तुम्हीच सांगितलेली किंमत' होऊन बसते. तशी नोंद झालीच असेल तर पुरवणी जबाबात खरेदी किंमत लिहून घ्या, आणि सर्व्हेअरला, म्हणजे नुकसानीची पाहणी करून रक्कम ठरवणाऱ्या माणसाला, सांगा की फिर्यादीतला आकडा अंदाजाचा आहे, मूल्यांकन त्याने स्वतः करायचं आहे. ते त्याचंच काम आहे.

फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). पुण्यात चौकीवर तक्रार अर्ज देऊन पोहोच घेऊन घरी येणारे खूप जण असतात आणि त्यांना वाटतं गुन्हा दाखल झाला. तक्रार अर्ज म्हणजे गुन्हा नोंद नव्हे. गुन्हा ठाण्यात दाखल होतो आणि त्याला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. विमा कंपनीला तो नंबर हवा असतो. 'हरवल्याची' ऑनलाइन नोंद करून मिळालेला कागदही इथे चालत नाही, उलट त्याने नुकसान होतं, कारण हरवणं आणि घरफोडी या पॉलिसीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हद्दीचा प्रश्न असेल तरी गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे, त्यामुळे वाकड, हिंजवडीतलं घर असेल तर तपास तिकडे जाईल, पण झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात घेता येतो.

मोडलेला कडी-कोयंडा, लॅच, कुलूप फेकू नका. सुताराने नवीन बसवलं तरी जुनं पिशवीत घालून ठेवा, आणि बदलण्याआधी दाराचे जवळून आणि लांबून असे दोन्ही फोटो काढा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत. सेक्रेटरींना आजच लेखी पत्र द्या की अमुक तारखांचं चित्रण काढून पोलिसांसाठी जपून ठेवावं. गेटवरच्या रजिस्टरचे किंवा ॲपमधल्या नोंदींचे त्या पाच दिवसांचे फोटो घ्या. घर खरोखर बंद होतं आणि तुम्ही साताऱ्यात होतात हे दाखवायला टोलची फास्टॅग नोंद किंवा एसटीचं तिकीट उपयोगी पडतं.

कंपनीला अजून कळवलं नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच. फोनवर क्लेम नंबर घ्या आणि लगेच ईमेल करा, मोठा मजकूर नको:

'पॉलिसी क्र. …, विमाधारक …, पत्ता …. दि. … ते दि. … या काळात घर बंद असताना मुख्य दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून घरफोडी झाली. दि. … रोजी परत आल्यावर लक्षात आले. … पोलीस ठाण्यात गु. र. नं. … दाखल. वस्तूंची प्राथमिक यादी सोबत जोडली आहे. तपशीलवार यादी व किंमती नंतर पाठवू. कृपया दावा क्रमांक व सर्व्हेअरचे नाव कळवावे. दरवाजाची तात्पुरती दुरुस्ती करत आहोत, मोडलेले भाग पाहणीसाठी जपून ठेवले आहेत.'

'प्राथमिक' हा शब्द ठेवाच. पुढे वस्तू वाढल्या तर तोच उपयोगी पडतो. कळवायला उशीर झाला असेल तरी दावा सोडू नका. वाहनचोरीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ आणि २०२० साली म्हटलं आहे की पोलिसांत वेळेवर तक्रार दिली असेल आणि दावा खरा असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून तो यांत्रिकपणे नाकारता येत नाही. उशिराचं कारण मात्र लेखी द्या.

पावत्या

पावती नाही म्हणजे दावा नाही, असं नसतं. वस्तू तुमच्याकडे होती आणि ती अमुक मॉडेलची होती, एवढं पटवायचं असतं, आणि त्याला अनेक वाटा आहेत. ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर खूप जुन्या ऑर्डरींचीही पावती अजून उतरवता येते. क्रोमा, विजय सेल्ससारख्या दुकानांत खरेदीला दिलेल्या मोबाइल नंबरावर बिल शोधून मिळतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा तपकीर गल्लीतल्या दुकानातून घेतलं असेल तर अंदाजे तारीख आणि बँकेच्या पासबुकातली नोंद घेऊन जा. जीएसटी कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याला हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंतच्या बिलाची दुसरी प्रत मागणं अवाजवी नाही. हप्त्यांवर घेतलं असेल तर कर्जाच्या कागदावर मॉडेल आणि बऱ्याचदा सिरियल नंबरही असतो.

सिरियल नंबरासाठी आधी माळ्यावर जा. खोकं ठेवलेलं असेल तर त्याच्या स्टिकरवर तो असतो. नसेल तर ॲपल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जोडलेल्या उपकरणांची यादी बघा; ॲपलच्या यादीत सिरियल आणि आयएमईआय (सिम चालणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक) दोन्ही दिसतात. गूगल खात्यात टॅबचं मॉडेल आणि शेवटचा वापर दिसतो. टीव्ही कधी दुरुस्त केला असेल तर सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटवर नंबर असतो. कॅमेऱ्याचा नंबर त्याने काढलेल्या मूळ फोटोंच्या आतल्या माहितीत अनेकदा लिहिलेला सापडतो; व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ती माहिती उरत नाही, म्हणून मूळ फाइल शोधा. आणि घरातले साधे फोटो: गणपतीच्या आरासीमागे दिसणारा टीव्ही, वाढदिवसाच्या केकमागचा साउंडबार. सर्व्हेअर असे फोटो मान्य करतात, तारखेसकट मूळ फाइल दिली तर अधिकच.

एका गोष्टीचा मात्र आग्रह: नसलेली पावती बनवून घेऊ नका, ओळखीचा दुकानदार 'देतो' म्हणाला तरी. बिलावरचा जीएसटी क्रमांक आणि बिल नंबर तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि एक खोटं बिल सापडलं की फसवणुकीच्या अटीखाली उरलेल्या खऱ्या वस्तूंचाही दावा जातो.

ऑफिसचा लॅपटॉप तुमच्या दाव्यात धरू नका. तो तुमच्या मालकीचा नाही. पॉलिसीत 'ताब्यात असलेल्या दुसऱ्याच्या वस्तू' असं स्पष्ट संरक्षण असेल तरच तो येईल. फिर्यादीत तो असायलाच हवा, पण वेगळा, 'अमुक कंपनीच्या मालकीचा, माझ्या ताब्यातील' असा. ऑफिसला गुन्हा नंबर आणि प्रत द्या, त्यांचा स्वतःचा विमा असतो. बायकोचा लॅपटॉप तिच्या नावावर घेतलेला असला तरी चालतो, बहुतेक पॉलिसींत एकत्र राहणारं कुटुंब धरलेलं असतं. घरमालकाचा टीव्ही असलेल्या भाड्याच्या घरात याच कारणाने लिव्ह अँड लायसन्स कराराला जोडलेली सामानाची यादी महत्त्वाची ठरते.

टॅबमध्ये सिम असेल तर त्याचा आयएमईआय शासनाच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता येतो. त्याला फिर्यादीची प्रत आणि ओटीपी येण्यासाठी चालू नंबर लागतो. साध्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो, तिथे हा उपाय नाही. उपकरण 'लॉस्ट' म्हणून कुलूपबंद करा, पण खात्यातून काढून टाकू नका. काढलंत की कुलूपही निघतं आणि चोराला ते विकायला मोकळं होतं. टीव्हीवर उघडी राहिलेली ओटीटी आणि ईमेलची खाती मात्र दुसऱ्या उपकरणावरून बंद करा.

किती पैसे मिळतील

इथे लोकांचा सगळ्यात जास्त भ्रमनिरास होतो, म्हणून आकडे घेऊनच सांगतो. ते उदाहरणापुरते आहेत. घसाऱ्याचा, म्हणजे वापरामुळे उतरणाऱ्या किमतीचा, सर्वांना लागू असा सरकारी तक्ता नाही. तो पॉलिसीत दिलेला असतो किंवा सर्व्हेअर वस्तूचं आयुष्य पाहून ठरवतो.

समजा आज तशाच नव्या वस्तूंच्या किमती अशा आहेत: टीव्ही ४८,०००, लॅपटॉप ७०,०००, टॅब २२,०००, साउंडबार १५,०००, कॅमेरा ४५,०००. एकूण २,००,०००. पॉलिसी बाजारभावाची असेल तर घसारा वजा होतो. टीव्ही आणि साउंडबार चार वर्षांचे, वर्षाला १० टक्के धरले, तर २८,८०० आणि ९,००० उरतात. लॅपटॉप तीन वर्षांचा, २० टक्क्यांनी, २८,०००. टॅब दोन वर्षांचा, २० टक्क्यांनी, १३,२००. कॅमेरा पाच वर्षांचा, १० टक्क्यांनी, २२,५००. बेरीज १,०१,५००.

घसारा कशावर लावला हे तपासा. तो आजच्या तशाच नव्या वस्तूच्या किमतीवर लावायचा असतो, जुन्या बिलावर नाही. लॅपटॉपच्या किमती वाढल्या असतील तर यात तुमचा फायदा आहे. टीव्हीत उलट: किमती उतरल्या आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला, त्यामुळे जुन्या बिलातल्या ६२,००० साठी भांडण्यात अर्थ नाही. मॉडेल बंद झालं असेल तर त्याच दर्जाचं, त्याच क्षमतेचं आजचं मॉडेल धरतात. इथे सर्व्हेअरला शोधायला लावू नका. रॅम, प्रोसेसर, पडद्याचा प्रकार, रिझोल्यूशन जुळवून दोन दुकानांची लेखी कोटेशनं तुम्हीच द्या. ओएलईडी टीव्ही गेला असेल आणि अहवालात साध्या एलईडीची किंमत धरली असेल तर फरक निम्म्याहून जास्त पडू शकतो, आणि हे मुद्दाम होत नाही. यादीत फक्त '५५ इंची टीव्ही' लिहिलेलं असतं म्हणून होतं.

पुढची पायरी अपुऱ्या विम्याची. घरातल्या सगळ्या सामानाची बाजारभावाने किंमत ५ लाख आणि विमा ४ लाखांचा, तर कंपनी ८० टक्केच देते: ८१,२००. त्यातून ५,००० एक्सेस गेला की हातात ७६,२००. दोन लाखांच्या वस्तूंचे शहात्तर हजार.

आता पॉलिसी नव्या किमतीची असती तर? घसारा नाही, दावा पूर्ण दोन लाखांचा. पण मग घरातल्या सगळ्या सामानाचीही किंमत नव्याने मोजतात. ती ८ लाख निघाली आणि विमा ४ लाखांचाच असला तर ५० टक्के, म्हणजे १ लाख, वजा ५,०००, हातात ९५,०००. जास्त हप्ता भरून घेतलेल्या 'नव्याच्या बदल्यात नवं' पॉलिसीचा निम्मा फायदा अपुऱ्या विमा रकमेने असा खाऊन टाकला. अपुऱ्या विम्याची अट माफ केलेली असेल, किंवा 'फर्स्ट लॉस' तत्त्वावर ठरावीक मर्यादेपर्यंत पूर्ण भरपाई असेल, तरच १,९५,००० मिळतील. शेड्यूलमध्ये हे वाक्य आहे का, ते शोधा.

एकूण सामानाची किंमत सर्व्हेअर घरात फिरून अंदाजाने लिहितो, आणि त्या अंदाजावर तुमची टक्केवारी ठरते. म्हणून खोलीवार यादी तुम्ही स्वतः तयार ठेवा. दागिने वेगळ्या विभागात असतील किंवा विम्यातच नसतील तर ते या बेरजेत यायला नकोत. फ्रिज, वॉशिंग मशीन, फर्निचर, कपडे, भांडी यांची प्रामाणिक किंमत लिहा. यादी दिली नाही तर 'साधारण दहा लाखांचं घर दिसतंय' असा आकडा पडतो आणि मग तो खाली आणायला महिने जातात.

सर्व्हेअर स्वतंत्र परवानाधारक असतो, कंपनीचा नोकर नव्हे. त्याच्याशी सगळा पत्रव्यवहार ईमेलवर ठेवा. तोंडी बोलणं झालं तरी संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा, अशी मुदत आहे. अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती मागाच, कारण कपात कुठे झाली ते त्याशिवाय कळत नाही.

आत्ता खरेदी करायची का? बायकोचं काम अडलं असेल तर लॅपटॉप घ्या. सर्व्हेअरने दाराची पाहणी केली की वस्तू बदलायला हरकत नसते, फक्त आधी ईमेलने कळवा की 'कामाच्या निकडीमुळे अमुक मॉडेल घेत आहे'. पॉलिसी नव्या किमतीची असेल तर खरेदी करावीच लागते. काही कंपन्या आधी घसारा वजा करून रक्कम देतात आणि नव्या वस्तूचं बिल दिल्यावर उरलेला फरक देतात, तोही पॉलिसीत दिलेल्या मुदतीतच. बिल विमाधारकाच्या किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर, सिरियल नंबरासकट, आणि पैसे कार्डाने किंवा बँकेतून दिलेले असावेत. कार्डावरची सूट किंवा कॅशबॅक वजा होऊन निव्वळ किंमतच धरली जाते. वाढीव वॉरंटीचे पैसे कंपनी देत नाही, ते बिलात वेगळे दाखवायला सांगा. मोठा टीव्ही हवा असेल तर खुशाल घ्या, भरपाई जुन्याच्या बरोबरीची मिळेल.

फाइल कुठे अडकते

बऱ्याचदा 'अनट्रेस्ड रिपोर्ट'वर. कंपनीचं क्लेम ऑफिस दुसऱ्या राज्यात असेल तर तिथला माणूस हाच शब्द वापरतो आणि ठाण्यात कोणाला तो ओळखीचा वाटत नाही. महाराष्ट्रात याला 'अ' समरी म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी किंवा माल सापडला नाही. 'ब' समरी म्हणजे तक्रारच खोटी, आणि 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा खरी-खोटी ठरवता न येणारी. तुम्हाला 'अ' हवी. ठाणे ती न्यायालयात पाठवतं, न्यायालयाने मंजूर केल्यावर प्रत मिळते, आणि याला काही महिने सहज लागतात. तोवर कंपनीने हातावर हात ठेवून बसावं असं नाही. लेखी मागणी करा की फिर्याद, पंचनामा आणि हमीपत्र यांवर दावा निकाली काढावा, अंतिम अहवाल आल्यावर सादर करू. माल सापडला तर कंपनीला कळवू आणि तिचा हक्क मान्य करू, असं त्या हमीपत्रात असतं. मुद्रांक कितीचा लागतो ते आधी विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीच्या १०० रुपयांच्या जागी बहुतेक कामांना ५०० चा लागतो.

रक्कम मान्य नसेल तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (दावा मिटल्याच्या पावतीवर) मुकाट्याने सही करू नका. पैशांची गरज असेल तर 'हक्क राखून, निषेधासह' असं लिहून सही करा आणि त्याच दिवशी ईमेलने तेच कळवा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो, नकार मिळाल्यापासून एका वर्षात जावं लागतं. घसारा जास्त लावला, मॉडेल चुकीचं धरलं, एकूण सामानाचा आकडा फुगवला, अशा हिशोबाच्या भांडणाला ही जागा उत्तम आहे. पंचांच्या उलटतपासणीसारखा पुरावा लागणार असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षांची.

चोर सापडला तर तुमच्या वस्तू 'मुद्देमाल' म्हणून जप्त होतात आणि न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतात. त्यासाठी सिरियल नंबराची ओळख पटवावी लागते, म्हणून तो फिर्यादीत असण्याचा दुसरा फायदा इथे होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे की फोटो आणि पंचनामा करून असा माल लवकर सोडावा, ठाण्यात सडत ठेवू नये. अर्जात त्याचा उल्लेख करा. भरपाई घेतली नसेल तर वस्तू तुमची. घेतली असेल तर कंपनीला आधी कळवा: ती वस्तू आता कंपनीची, किंवा तुम्हाला ठेवायची असेल तर ठरलेली रक्कम परत करून तुमची.

आणि पैसे खात्यात जमा झाले की त्याच आठवड्यात कंपनीला आणखी एक ईमेल करा. दिलेल्या भरपाईएवढी तुमची विमा रक्कम कमी झालेली असते. उरलेल्या महिन्यांचा त्या प्रमाणातला हप्ता भरून ती पूर्ववत करता येते, आणि ती पूर्ववत होईपर्यंत भिंतीवर लावलेला नवा टीव्ही अर्धवटच विम्यात असतो.